तारेची लांबी आणि तारेचा ताण : मिरजेच्या तंबोऱ्याच्या आधारे श्रुतिमापनाचा विचार

१

ताणलेल्या तारेतून निघणाऱ्या स्वराची उच्चनीचता तीन गोष्टींवर अवलंबून असते : तारेची लांबी, तारेचे वजन आणि तारेवरील ताण. लांबी कमी केली की स्वर चढतो. तार जाड घेतली की उतरतो. खुंटी पिळून ताण वाढविला की पुन्हा चढतो. हे तीनही व्यवहार भारतीय वादकाच्या नित्य परिचयाचे आहेत. तथापि आपल्या संगीतशास्त्राच्या इतिहासात या तिघांना सारखे स्थान मिळालेले नाही. लांबीची मापे ग्रंथांत आली. वजन आणि ताण या दोन गोष्टी मात्र कारागिराच्या आणि वादकाच्या हाती राहिल्या. त्यांना अंक मिळाले नाहीत.

ही उणीव किरकोळ समजण्याचा प्रघात आहे. ‘स्वर जुळला म्हणजे ताण बरोबर झाला, तो किती किलो आहे हे जाणून काय करावयाचे?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. गायनाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात श्रुतींच्या मापनासंबंधी जो मोठा वाद झाला, त्यातील एक बाजू सर्वस्वी तारेच्या लांबीच्या मापांवर उभी होती. ताण स्थिर राहिला असेल तरच लांबीच्या मापाला अर्थ असतो. म्हणून ताणाचा हिशेब हा त्या वादाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो. हा हिशेब मांडावयाचा तर त्यासाठी मिरजेच्या तंबोऱ्याइतके सोयीचे साधन नाही. कारण ज्या परिसरात श्रुतींची मापे घेण्याचा खटाटोप झाला, त्याच परिसरात तंबोरा घडविण्याची कला परिणतीस पोचली होती.

२

भारतीय परंपरेत श्रुतींचा पहिला प्रयोग लांबीचा नसून ताणाचा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रसिद्ध प्रयोग वर्णिला आहे. दोन्ही वीणा आकाराने, तारांनी आणि मूर्च्छनेने सारख्या असाव्यात. एक स्थिर ठेवावी आणि दुसरीतील पंचम एका श्रुतीने उतरवून इतर स्वर त्याच्या अनुरोधाने उतरवावेत. दुसऱ्या सारणेत चलवीणेतील गांधार व निषाद हे ध्रुववीणेतील ऋषभ व धैवत यांना मिळतात. तिसरीत ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचम यांना मिळतात. चौथीत पंचम, मध्यम व षड्ज हे अनुक्रमे मध्यम, गांधार व निषाद यांना मिळतात. याप्रमाणे द्विश्रुतिक, त्रिश्रुतिक व चतुःश्रुतिक अंतरे सिद्ध होतात आणि त्यांची बेरीज बावीस येते.

या काळातील वीणा आजच्या पडदे बांधलेल्या वाद्यासारखी नव्हती. सांची, भारहूत व अमरावती येथील शिल्पांत आणि समुद्रगुप्ताच्या वीणावादक नाण्यांवर दिसणारी वीणा धनुष्याकृती आहे. तिच्यातील प्रत्येक तार एकाच स्वरासाठी असते आणि ती मोकळीच छेडली जाते. अशा वाद्यात स्वर उतरवावयाचा म्हणजे तार सैल करावयाची; दुसरा मार्ग नाही. तात्पर्य, भरताची सारणा ही ताण क्रमाक्रमाने कमी करण्याची क्रिया आहे. तिचे साक्षीदार कान आहेत आणि तिची सिद्धी दोन स्वरांच्या मिळून जाण्यात आहे. तेथे अंकांची गरज पडली नाही, कारण तुलना स्वराची स्वराशी होती, स्वराची काठीशी नव्हती.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला. त्याने हाच प्रयोग बावीस तारांच्या दोन वीणांवर मांडला. पहिली तार शक्य तितक्या मंद्र ध्वनीची असावी, दुसरी तिच्याहून किंचित उच्च, परंतु इतकीच उच्च की दोहोंच्या मध्ये तिसरा ध्वनी बसू नये, याप्रमाणे पुढे. येथेही लांबीचे माप नाही. तार किंचित अधिक ताणावयाची आणि कानाने थांबावयाचे, एवढीच आज्ञा आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर सिद्ध झालेल्या या ग्रंथात ताणाची परंपरा अशी पूर्णत्वास गेलेली दिसते.

३

ताणाला अंक देण्याचा प्रयत्न युरोपात फार पूर्वी झाला. परंतु तो चुकीच्या पायावर झाला. पायथागोरसाने लोहाराच्या हातोड्यांचे आवाज ऐकून १२, ९, ८ व ६ या वजनांत स्वरांचे संबंध शोधले आणि तीच वजने तारांना टांगून त्यांची प्रचीती घेतली, अशी कथा निकोमॅखस व बोएथियस यांच्या ग्रंथांतून सांगितली जात असे. दुप्पट वजन टांगले की तार सप्तकाचा षड्ज मिळतो, असा तिचा आशय. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आंदोलनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून षड्ज दुप्पट उंच करावयाचा तर वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते. आणि पंचमासाठी तिनास दोन नव्हे, तर नवास चार. ही गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी प्रयोगाने दाखविली. पुढे १६३६ मध्ये मारें मेर्सेन यांनी तारेचे नियम एकत्र मांडले आणि १७१३ मध्ये ब्रूक टेलर यांनी त्यांची गणिती उपपत्ती दिली.

या इतिहासातून एक बोध मिळतो. लांबी आणि स्वर यांचा संबंध सरळ आहे : अर्धी तार, दुप्पट आंदोलने. ताण आणि स्वर यांचा संबंध वर्गाचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जे सरळ आहे तेच प्रथम मोजले जावे हे स्वाभाविक होय. भारतीय ग्रंथकारांनी ताणाविषयी अंक सांगितले नाहीत, त्यामुळे हातोड्यांच्या कथेसारखी चूकही त्यांच्या पदरी आली नाही. मात्र ज्या दिवशी त्यांनी लांबीला अंक दिले, त्या दिवसापासून ताणाचा प्रश्न मागच्या दाराने त्यांच्या शास्त्रात शिरला.

४

तो दिवस सतराव्या शतकातील होय. अहोबलाने संगीतपारिजातात वीणेच्या तारेवर स्वरांची स्थाने लांबीने सांगितली. मेरू आणि घोडी यांच्या बरोबर मध्यावर तार षड्ज. मेरू आणि तो तार षड्ज यांच्या मध्यावर मध्यम. संपूर्ण तारेचे तीन भाग केले असता पहिल्या भागाच्या शेवटी पंचम. हृदयनारायण देव व श्रीनिवास यांनीही हीच रीत स्वीकारली. आता वीणा पडद्यांची झाली होती. एकाच तारेवर अनेक स्वर बोटाने दाबून काढले जात होते. वाद्य बदलले आणि त्याबरोबर मापनाची भाषाही बदलली. भरताच्या वीणेत लांबी ठरलेली होती व ताण बदलत होता. अहोबलाच्या वीणेत ताण ठरलेला आहे असे गृहीत धरले आणि लांबी बदलली.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी या ग्रंथांचे महत्त्व ओळखले. १९१० मधील श्रीमल्लक्ष्यसंगीतम् आणि त्याच वर्षापासून मराठीत निघू लागलेली हिंदुस्थानी संगीतपद्धती यांतून त्यांनी प्राचीन व अर्वाचीन स्वरांची फोड केली. छत्तीस इंच लांबीची तार कल्पून तिच्यावर स्वर बसविण्याची पद्धती त्यांच्या संप्रदायातून सर्वत्र रूढ झाली : तार षड्ज अठरा इंचांवर, पंचम चोवीस इंचांवर, मध्यम सत्तावीस इंचांवर. त्याच सुमारास मध्य षड्जाची आंदोलने दोनशे चाळीस मानण्याचीही रूढी पडली. ही संख्या भागाकाराला सोयीची आहे. तिच्यावरून पंचम तीनशे साठ, मध्यम तीनशे वीस असे पूर्णांक मिळतात.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे या क्षेत्रातील दुसरे मोठे नाव. डेप्युटी कलेक्टरच्या पदावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक श्रुतीला निश्चित गुणोत्तर देता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे त्यांना साहाय्य झाले. मुलकी सेवेतील अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी हा विचार पुढे नेला आणि त्यावर आधारलेला श्रुति-हार्मोनियम सिद्ध करविला. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हे वाद्य पुढे आले. भातखंडे यांनी त्याला मान्यता दिली नाही. अहोबलाने सांगितलेल्या लांबीवरून स्वर निश्चित करता येतात. परंतु भरत-शार्ङ्गदेवांच्या श्रुतींना गणिती मूल्ये चिकटविण्यास ग्रंथांचा आधार नाही, असा त्यांचा पक्ष होता.

हा वाद सामान्यतः ग्रंथप्रामाण्य विरुद्ध प्रयोगप्रामाण्य असा मांडला जातो. तो तसा होताही. परंतु त्याच्या मुळाशी भौतिकाचा एक प्रश्न होता. भरत व शार्ङ्गदेव ताणाची भाषा बोलत होते आणि अहोबल लांबीची. एकाच्या श्रुतींना दुसऱ्याच्या काठीने मोजावयाचे तर मध्ये ताणाचा हिशेब हवा. त्या हिशेबासाठी लागणारी सामग्री प्रत्यक्ष मिरज-सांगलीच्या बाजारात उपलब्ध झालेली होती.

५

ताण काढण्यासाठी तीन अंक लागतात : तारेची लांबी, तिची जाडी व धातू, आणि तिने द्यावयाची आंदोलनसंख्या. यांतील लांबी नेहमीच मोजता येत होती. उरलेले दोन अंक एकोणिसाव्या शतकात स्थिर झाले.

जाडीचा अंक प्रथम पाहू. १८५० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी पोलादी तारेला विशिष्ट उष्णतासंस्कार देण्याची रीत काढली आणि वाद्यांसाठी असामान्य बळकटीची तार मिळू लागली. तारांच्या जाडीचे क्रमांक कारखान्यागणिक निराळे असत. ते एकसारखे करणारे प्रमाण ब्रिटनमध्ये १ मार्च १८८४ पासून लागू झाले. मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांच्या तोंडी असलेले ‘अठ्ठावीस नंबर’, ‘तीस नंबर’ हे शब्द याच प्रमाणातील गेजचे आहेत. अठ्ठावीस नंबरची तार ०·३७६ मिलिमीटर जाड, सव्वीस नंबरची ०·४५७, तीस नंबरची ०·३१५ आणि बावीस नंबरची ०·७११. नंबर वाढतो तशी तार बारीक होते.

आंदोलनसंख्येचा अंक हार्मोनियमने दिला. त्यापूर्वी गायकाचा षड्ज त्याच्या गळ्याप्रमाणे असे व त्याला नाव नसे. हातपेटी घरोघर आल्यावर ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ अशी षड्जाची नावे मराठी गायकांच्या बोलण्यात रुळली. प्रत्येक पेटीची पट्टी अगदी एकच होती असे नाही. फ्रान्समध्ये १८५९ मध्ये ‘ए’ या स्वरासाठी ४३५ आंदोलने ठरविण्यात आली होती. १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ४४० ही संख्या स्वीकारली. या शेवटच्या प्रमाणाने पुरुषांच्या खालच्या काळी एकची आंदोलने सुमारे १३८·६ येतात.

आता उदाहरणादाखल पुरुषी आवाजाचा तंबोरा घेऊ. घोडीपासून मेरूपर्यंत मोकळ्या तारेची लांबी एक मीटर धरू. जोडीच्या तारा अठ्ठावीस नंबरच्या पोलादी, पंचमाची सव्वीस नंबरची पोलादी आणि खर्जाची बावीस नंबरची पितळी. नियम असा : लांबीचा वर्ग, आंदोलनसंख्येचा वर्ग आणि एक मीटर तारेचे वस्तुमान यांचा गुणाकार करून त्याची चौपट केली असता ताण मिळतो. हा ताण न्यूटनमध्ये येतो. त्याला ९·८१ ने भागले की किलोचा भार मिळतो. अठ्ठावीस नंबरच्या पोलादी तारेचे वस्तुमान मीटरला ०·८७ ग्रॅम आहे. त्यावरून पुढील अंक येतात :

पंचम, १०४ आंदोलने — ५·७ किलो.
जोडीची पहिली तार, १३८·६ आंदोलने — ६·८ किलो.
जोडीची दुसरी तार, तितकीच आंदोलने — ६·८ किलो.
खर्ज, ६९·३ आंदोलने — ६·६ किलो.
एकूण सुमारे २६ किलो.

या अंकांची पहिली शिकवण अशी की, चारही तारांवरील ताण एकमेकींच्या निकट आहेत. पंचमासाठी जोडीचीच अठ्ठावीस नंबरची तार घेतली असती तर स्वर तीन-चतुर्थांश झाल्यामुळे ताण नऊ-षोडशांश, म्हणजे ३·८ किलोवर आला असता. खर्जासाठी तीच तार वापरली असती तर ताण चौथा हिस्सा, म्हणजे अवघा १·७ किलो राहिला असता. अशी लोंबकळती तार घोडीवर नुसती खडखडली असती. तिची जवारी लागली नसती. जाड तार, आणि खर्जाला पोलादाहून जड असे पितळ, ही निवड ताण सारखा राखण्यासाठी आहे. घोडीच्या पृष्ठाला दिलेला सूक्ष्म बाक आणि तारेखाली सरकविलेला दोरा यांचे कार्य तारेच्या ताणाशी निगडित असते. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा व तंबोरा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध करून, या बाकदार घोडीमुळे तारेचे वरचे स्वयंभू स्वर कसे जागे होतात हे दाखविले. तारांचा ताण विषम असता, तर एकाच घोडीवर चारही तारांना सारखी जवारी काढणे दुष्कर झाले असते.

दुसरी शिकवण दांडीच्या लांबीविषयी आहे. तारेचे तुटणे तिच्या जाडीवर अवलंबून नसते, हे वरवर पाहता आश्चर्याचे वाटेल. जाड तार अधिक भार सोसते हे खरे. पण त्याच स्वराला ती त्याच प्रमाणात अधिक भार मागते. म्हणून दर चौरस मिलिमीटरवरचा भार केवळ धातू, लांबी आणि आंदोलनसंख्या यांवर ठरतो. वरील जोडीच्या तारेत तो सुमारे ६१ किलो आहे. हाच तंबोरा स्त्रीच्या काळी चारला, म्हणजे २०७·६ आंदोलनांना लावला तर तो १३८ किलोवर जातो, आणि चारही तारांचा एकूण भार २६ किलोवरून ५८ किलोवर चढतो. चांगली पोलादी तार एवढे सोसेल. तबली व दांडी सुखाने सोसणार नाहीत. उलट, दांडी आखूड करून तारेची लांबी ८० सेंटिमीटर केली आणि तीस नंबरची तार घेतली तर काळी चारलाही जोडीच्या तारेवर ६·९ किलोच ताण येतो. पुरुषी तंबोऱ्याच्या ताणाशी हा अंक जवळजवळ जुळतो. बायकी तंबोरा लहान असतो तो केवळ उचलण्याच्या सोयीसाठी नव्हे. निराळ्या पट्टीत तोच ताण राखण्याचा तो उपाय आहे.

६

ज्या कारागिरांनी हा उपाय घडविला त्यांच्यापाशी सूत्र नव्हते. मिरजेची परंपरा असे सांगते की, येथील तंतुवाद्ये घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणाऱ्यांची होती. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी मंदावली तसे फरीदसाहेब आदी कारागीर सतार-तंबोऱ्यांकडे वळले. पंढरपूर परिसरातील मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून त्यांनी जे वाद्य घडविले, त्याची कीर्ती उत्तरेपर्यंत पोचली. अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची समाधीही तेथेच झाली. तंबोऱ्याच्या जुळणीविषयी त्यांचा आग्रह सर्वश्रुत होता. गायक आणि कारागीर यांच्या अशा सान्निध्यात तंबोऱ्याचे माप ठरत गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हा इतिहास आहे.

या कारागिरीचे वैशिष्ट्य गिटारशी तुलना केल्यास स्पष्ट होते. पोलादी तारांच्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या सर्वांत बारीक तारेवर साधारण पावणेअकरा किलो, आणि सहा तारांवर मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण येतो. गिटारच्या तारा ज्या घोडीत अडकविलेल्या असतात ती घोडी तबकडीलाच चिकटविलेली असते. म्हणून तो सर्व ताण तबकडीला ओढतो आणि तिला आतून पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. दांडीतही पुष्कळदा लोखंडी सळई घालतात. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून ओलांडून खाली भोपळ्याच्या बुडाशी बांधलेल्या असतात. घोडीवर तारेची दिशा एकंदर दहा अंशांनी बदलते असे धरले तर २६ किलोंपैकी तबलीवर उभा दाब अवघा साडेचार किलोंचा पडतो. तबली पातळ ठेवता येते ती यामुळेच. उरलेली ओढ दांडी आणि भोपळा यांच्या सांध्यावर येते, आणि तेथेच कारागीर आपले सर्वाधिक बळ वेचतो. काही उत्पादक गिटारच्या तारांच्या पाकिटावर ताणाचे अंक छापून देतात. मिरजेच्या वाद्यात ते अंक लाकडाच्या जाडीत आणि सांध्याच्या घडणीत लिहिलेले आहेत.

वादकाच्या कानाची सूक्ष्मताही या अंकांत मोजता येते. जोडीच्या दोन तारांत दोन सेकंदांना एक डोल ऐकू येत असेल, तर त्यांच्या आंदोलनांत अर्ध्याचा फरक आहे. ताणाच्या भाषेत हा फरक पावणेसात किलोंत अवघा पन्नास ग्रॅम भरतो. खुंटीने न साधणारा हा फरक मणी किंचित सरकवून काढला जातो. भरत व शार्ङ्गदेव यांनी ताणाचे मापन कानावर सोपविले, ते केवळ साधनांच्या अभावी नव्हे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. कान हे त्या कामाचे खरोखरच समर्थ साधन होते.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लांबीच्या मापांवर श्रुतींची मूल्ये कितपत विसंबतात?

प्रथम पाठ्यग्रंथांतील कल्पित तार तपासून पाहू : लांबी छत्तीस इंच, षड्ज दोनशे चाळीस आंदोलने. अठ्ठावीस नंबरच्या पोलादी तारेवर याला १७ किलोंहून अधिक ताण लागतो. तंबोऱ्यातील ताणाच्या हा अडीचपट झाला. पितळेची तार घेतली तर ती या स्वराला पोचण्यापूर्वी तुटते. अर्थात ही तार कोणी वाजविण्यासाठी सांगितलेली नाही. छत्तीस आणि दोनशे चाळीस हे दोन्ही अंक स्वतंत्र सोयींतून आले. गुणोत्तरे समजावण्यास ते निर्दोष आहेत. परंतु लांबी व आंदोलने यांचे कोष्टक शेजारी शेजारी छापले की ते प्रत्यक्ष मापनाचे फलित आहे असा भास होतो, आणि ताणाचा विचार त्यातून पूर्णपणे निसटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अहोबलाची रीत प्रत्यक्ष वाद्यावर आणावयाची म्हणजे तार पडद्यावर दाबावी लागते. दाबलेली तार किंचित लांबते आणि तिचा ताण वाढतो. एक मीटर लांबीची वरील जोडीची तार मध्यावर पाच मिलिमीटर खाली दाबली, तर ती एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी ताणली जाते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वाढीने पोलादी तारेचा ताण सुमारे ११३ ग्रॅमने, म्हणजे शेकडा १·७ ने वाढतो आणि स्वर शेकडा ०·८ ने चढतो. प्रमाणश्रुती, म्हणजे ऐंशीस एक्याऐंशी हे अंतर, शेकडा सव्वा एवढेच आहे. तेव्हा केवळ दाबण्याने पडणारा फरक एका प्रमाणश्रुतीच्या दोन-तृतीयांशांइतका झाला. सैल तारेत तो याहूनही वाढतो. सरकत्या घोडीच्या एकतारी मापनयंत्रात तो पुष्कळ कमी करता येतो; पण घोडी तारेला जितकी वर उचलील तितका तो शिल्लक राहतोच.

यावरून देवलांची मापे चुकली होती असे ठरत नाही. त्यांनी दिलेली गुणोत्तरे संवादतत्त्वाने सिद्ध होतात आणि कानाने पडताळता येतात. त्यांचे बळ तेथे आहे. ठरते ते एवढेच की, शुद्ध व विकृत स्वरांची मोठी अंतरे लांबीने सांगता येतात, पण एका श्रुतीचा निर्णय केवळ लांबीच्या काठीवर सोपविता येत नाही. अहोबलाने श्रुतींना नव्हे, तर स्वरांना लांबी सांगितली. त्याच्या या मर्यादेत अनुभवाचे शहाणपण दिसते. भातखंडे यांनी ग्रंथांच्या आधारे जी सावधगिरी बाळगली, तिला तारेच्या भौतिकाचाही आधार मिळतो. देवलांनी गायकाच्या कंठाला प्रमाण मानले त्यालाही तो मिळतो. कारण कंठात पडदा नाही आणि दाबणेही नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बळकट होते. दुबळा होता तो त्यांना जोडणारा दुवा, म्हणजे न मोजलेला ताण.

संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. जुन्या वाद्याची नोंद करताना त्याची उंची, भोपळ्याचा घेर आणि नक्षी यांची वर्णने पुष्कळदा केली जातात. त्यांच्या जोडीला तारेची मोकळी लांबी, प्रत्येक तारेचा धातू व गेज, आणि वाद्य ज्या पट्टीला लागत असे ती पट्टी एवढे तीन अंक टिपून ठेवले, तर ताण केव्हाही काढता येतो. ‘ए’ची आंदोलने ४३५ वरून ४४० झाल्याने एका तंबोऱ्यावर सहाशे ग्रॅम भार वाढतो, गेज एका नंबराने बदलला तर फरक त्याहूनही मोठा पडतो. जुन्या तारा काढून नव्या चढविल्या की हा पुरावा नाहीसा होतो. लाकूड राहते, परंतु ते किती ओढीसाठी घडविले होते हे सांगणारा साक्षीदार निघून जातो. श्रुतींविषयीचा वाद पुन्हा उपस्थित झाला, तर त्याचा निर्णय करण्यास ग्रंथांइतकीच ही टिपणे उपयोगी पडतील.